उत्तम शुक्रवारसाठी लाकडी क्रूस: रिकामा की मूर्तीचा, केवढा, आणि पुढे त्याचं काय?

अक्कलकोट रोड (प्रश्न)

जय ख्रिस्त. सोलापुरातल्या आमच्या मंडळीत यंदा उत्तम शुक्रवारसाठी (गुड फ्रायडे) मोठा लाकडी क्रूस करायचं काम कमिटीनं तरुण संघाकडे दिलंय. सकाळी तो खांद्यावर घेऊन कंपाउंडात फेरी, दुपारी १२ ते ३ सात उद्गारांची (येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात वाक्यांची) उपासना, आणि ईस्टरच्या पहाटे त्याच क्रूसाला फुलं, असा बेत आहे. बैठकीत गाडं अडलंय ते इथं:

येशूची मूर्ती असलेला क्रूस हवा की रिकामा? मंडळीत कॅथलिक माहेरच्या सुना आहेत, त्यांना रिकामा क्रूस ओका वाटतो. काही वडील मंडळी उलट म्हणतात, रिकाम्या क्रूसापुढे वाकलं तरी ती मूर्तिपूजाच. सुतार म्हणतो चार बाय चार इंची साग घ्या, पण तो उचलणार कोण? शिवाय एका ताईंची सूचना आहे की प्रत्येकानं आपली पापं चिठ्ठीवर लिहून क्रूसाला खिळ्यानं ठोकावीत.

श्रद्धेच्या आणि सुतारकीच्या दोन्ही बाजूंनी सांगा. कमिटीपुढे मांडता येईल असं हवं.

---

लूक तेवीस

रिकामा क्रूस म्हणजे पुनरुत्थान, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ऐकायला छान, पण नीट टिकत नाही. रोमी लोकांचा वधस्तंभ दर वेळी रिकामा व्हायचाच; प्रेत उतरवलं की झाला रिकामा. पुनरुत्थानाची खूण आहे रिकामी कबर. आपल्या क्रूसावर मूर्ती नसण्याचं खरं कारण धर्मसुधारणेच्या काळातलं आहे. झुरिकमध्ये स्विस धर्मसुधारक झ्विंग्लीच्या प्रभावाखाली १५२४ साली चर्चमधल्या प्रतिमा काढून टाकल्या. ल्यूथरच्या मंडळ्यांनी मात्र मूर्तीचा क्रूस ठेवला, तो आजही आहे. म्हणजे ‘प्रॉटेस्टंट म्हणजे रिकामा क्रूस’ हेही पूर्ण खरं नाही.

आपल्या भागात आणखी एक पदर आहे. नगर-सोलापूरकडे काम केलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहणारी. त्या परंपरेत साधं उपासनागृह, मध्यभागी व्यासपीठ आणि त्यावर पवित्र शास्त्र. वेदीवर क्रूस मांडायची चाल मुळातच नव्हती. १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि त्यांत अँग्लिकनही (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) होते. मेणबत्त्या, क्रूस, ऋतूप्रमाणे कापडाचे रंग हे तिकडचं देणं. तुमचे वडील लोक कुरकुरतात ते आडमुठेपणानं नव्हे, त्यांच्यामागे एक जुनी शिस्त आहे. बैठकीत हे आधी मोकळेपणानं मान्य करा, अर्धा वाद तिथंच निवळेल.

माझं मत विचाराल तर तुम्ही रिकामाच करा. १२ ते ३ या वेळात मूर्तीचं काम वचनं करतात. पौल करिंथकरांना सांगतो की आम्ही वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त गाजवतो (१ करिंथ १:२३). तेव्हा रिकाम्या क्रूसाखाली उभं राहून शुक्रवारीच ईस्टरचा उपदेश उरकू नका. लाकूड रिकामं आणि उपदेशही रिकामा असं झालं की त्या सुनांची तक्रार खरीच ठरते.

आता मूर्तिपूजा. यावर शास्त्रातच नेमकं उदाहरण आहे. गणना २१ मध्ये देवाच्या सांगण्यावरून मोशे पितळेचा साप खांबावर लावतो, त्याच्याकडे पाहणारे वाचतात. योहान ३:१४ मध्ये येशू तीच खूण स्वतःला लावतो. आणि २ राजे १८:४ मध्ये हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. देवानंच दिलेली खूण, वापर चुकला म्हणून फुटली. कसोटी इथंच मिळते: लाकडाकडे काही मागितलं जातंय का? नवस, धागा, तेल, नारळ, अगरबत्ती, क्रूसाला लावून घरी न्यायचं पाणी, यातलं काहीही सुरू झालं की थांबवा. क्रूसासमोर उभं राहून प्रभूपुढे मान झुकवणं यात बसत नाही. हे पाळकसाहेबांनी आदल्या रविवारीच, झावळ्यांच्या रविवारी, दोन मिनिटांत सांगावं. शुक्रवारी ऐन वेळी सूचना दिली तर ती एखाद्या आजीवर रोखल्यासारखी होते.

चिठ्ठ्यांचं म्हणाल तर कलस्सै २:१४ वाचून मगच ठरवा. तिथं आपल्याविरुद्धचं ऋणपत्र वधस्तंभाला खिळलंय ते देवानं, आपण नाही. प्रत्येकजण हातोडी घेऊन ‘मी माझं पाप ठोकलं’ म्हणू लागला की कर्ता बदलतो. करायचंच तर चिठ्ठ्या लोकांनी टोपलीत टाकाव्यात आणि पाळकांनी सगळ्यांच्या वतीनं ती टोपली क्रूसाच्या पायाशी ठेवावी. वेळेचाही हिशेब करा. दीडशे माणसं, एकेकाला वीस सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटं नुसती ठोकाठोक. चिठ्ठ्या घडी घालूनच घ्या, कुणी उघडू नयेत, आणि त्याच दिवशी दोन वडिलांसमोर जाळून टाका. पुढच्या आठवड्यात झाडताना चिठ्ठी सापडली, कुणी वाचली, आणि मंडळीत कायमचं बिनसलं, हे टाळायचंय.

सात उद्गारांच्या वाटणीत नेहमी गडबड होते म्हणून लिहितो. १८० मिनिटांत सात भाग, म्हणजे एकाला पंचवीस मिनिटं. त्यात उपदेश बारा, गीत पाच, प्रार्थना तीन आणि पाच मिनिटं शांतता. पहिल्या चार वक्त्यांनी पंचवीस-पंचवीस मिनिटं नुसत्या उपदेशाला घेतली की अडीच वाजता तुम्ही चौथ्या उद्गारावर असता. मग ‘मला तहान लागली आहे’ आणि ‘पूर्ण झाले आहे’ हे दोन्ही दहा-दहा मिनिटांत गुंडाळले जातात. योहानाच्या शुभवर्तमानाचा कळस नेमका तिथं आहे. बाराव्या मिनिटाला घंटा वाजवणारा माणूस नेमा, आणि तो वक्त्यांपेक्षा वयानं मोठा असू द्या!

सातही उद्गारांना ‘येशू आमच्या पापांसाठी मेला’ एवढंच वाक्य पुन्हा पुन्हा नको. क्षमा (लूक २३:३४) हा एक अर्थ. चोराला सुखलोकाचं वचन (२३:४३) म्हणजे कृपा, कारण त्याच्यापाशी द्यायला काहीच नव्हतं. आई आणि शिष्य (योहान १९:२६-२७) हे नवं कुटुंब, ‘तू माझा त्याग का केलास’ (मत्तय २७:४६) हा शाप स्वतःवर घेणं. तिथं गलती ३:१३ आणि अनुवाद २१:२३ जोडून वाचा. ‘पूर्ण झाले आहे’ला कलस्सै २:१५ घ्या, म्हणजे जय. वक्त्यांना आधीच एकेक पदर वाटून द्या.

---

जुनी वखार

चार बाय चार घेऊ नका. हिशेब सांगतो. उभा खांब साडेनऊ फूट आणि आडवा पाच फूट, मिळून साडेचौदा फूट. चार बाय चारला १.६ घनफूट लाकूड लागतं, सागात जवळपास ३० किलो. तीन बाय तीनला ०.९ घनफूट, म्हणजे साग साधारण १७ किलो, पाइन १२-१३. बाभळीच्या वाटेला जाऊ नका. जड असते, वर पिळते. दहा फुटांवरून तीन इंच आणि चार इंच यातला फरक कुणाला कळत नाही.

साडेनऊ फूट का? सगळ्यात जास्त फसतं ते इथं. लोक आठ फुटी खांब घेतात, त्यातला दीड फूट स्टँडमध्ये जातो, आणि उभा केल्यावर क्रूस गणितातल्या अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. स्टँडच्या वर आठ फूट दिसायला हवेत, म्हणून खाली दीड फूट जास्त. आडव्याच्या वर दोन फूट सोडा. आडवा पाच फुटी म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वादोन फुटांपेक्षा थोडी जास्त बाही येते. ही मापं डोळ्याला बरी वाटतात.

जोड: दोन्ही लाकडांत तीन इंच रुंद, दीड इंच खोल खाच, एकात एक बसवायची. खाच न पाडता नुसते खिळे मारले तर फेरीत आडवा हळूहळू कलतो, उपासनेपर्यंत एक हात वर आणि एक खाली. मधून तीन सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), चार इंच लांबीचा बोल्ट, दोन्हीकडे वायसर. नट मागच्या बाजूला.

लाकूड वाळलेलं घ्या. ओलं लाकूड सोलापूरच्या उन्हात पंधरवड्यात आखडतं, खाच सैल होते आणि टोकांना चिरा जातात. तीन आठवडे आधी कापून सावलीत ठेवा, टोकांना फेविकॉल किंवा मेण चोपडा. खाच मात्र शेवटच्या आठवड्यात पाडा. रंध्यानंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर आणि कोपऱ्यांना हलकी गोलाई, नाहीतर खांद्यात कुसळं घुसतात. वार्निश नको, घामानं हात सरकतो. जवसाचं तेल पुरे.

स्टँड: दीड फूट उंच चौकोनी खोका, आत सव्वातीन इंच जागा, चारी बाजूंनी पाचरी. खाली अडीच फुटी दोन पाय अधिक आकारात, त्यांवर वाळूच्या दोन पिशव्या. ईस्टरला बाहेर उभा करणार असाल तर चार पिशव्या घ्या. वळवाचा वारा सुटला की कापड शिडासारखं फुगतं आणि सगळा क्रूस घेऊन पडतं. खाली लहान मुलं बसलेली असतात.

---

वेदीसेवक

आमच्याकडची, म्हणजे कॅथलिकांची रीत सांगतो, त्यातलं पटेल ते घ्या.

क्रूसाच्या वाटेची (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत चालण्याची) चौदा स्थानं १७३१ मध्ये पोप क्लेमंट बारावे यांनी निश्चित केली. त्यातली पाच शुभवर्तमानांत नाहीत: तीनदा पडणं (तिसरं, सातवं, नववं), आईची भेट (चौथं) आणि व्हेरोनिका (सहावं). तुमच्या मंडळीत यावरून प्रश्न येणारच. त्यासाठी सोय आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ मध्ये रोमच्या कलोसियममध्ये फक्त शास्त्रातली चौदा स्थानं घेतली. गेथशेमाने, यहूदाचा घात, न्यायसभा, पेत्राचा नकार, पिलात, फटके आणि काटेरी मुकुट, क्रूस घेणं, कुरेनेकर शिमोन, यरुशलेमच्या बायका, क्रूसावर खिळणं, पश्चात्तापी चोर, आई आणि शिष्य, मृत्यू, कबर. कॅथलिक सुनांनाही ओळखीचं, आणि वडिलांनाही हरकत घ्यायला जागा नाही. प्रत्येक स्थानाला वचन, अर्धा मिनिट शांतता, एक प्रार्थना आणि गीताचं एक कडवं. चालणं धरून सव्वा तास होतो.

शुक्रवारी दुपारी आम्ही क्रूस उघड करतो तेव्हा तो जांभळ्या कापडानं झाकलेला असतो आणि तीन टप्प्यांत उघडतो: आधी वरचा भाग, मग उजवा हात, मग सगळा. दर टप्प्याला तेच गीत, स्वर थोडा चढवत. करून पाहायचं तर कापडाला तीन वेगळ्या नाड्या लावा, तिन्हींना सरकगाठ. साधी गाठ मारली की ऐन वेळी सुटत नाही आणि पुढे सगळी मंडळी गुडघ्यावर वाट बघत राहते. नाडीचं ओढायचं टोक मागे, उघडणाऱ्याच्या हाताशी. ‘उजवा हात’ म्हणजे क्रूसावरच्या प्रभूचा उजवा, लोकांच्या डावीकडचा. तालमीत हे उलटं होतं, त्यामुळे एकदा करून बघाच.

वंदनासाठी क्रूस एकच ठेवायचा, रांग लांब म्हणून दुसरा मांडायचा नाही. गर्दी झालीच तर फादर तो उंच धरतात आणि सगळे जागेवरूनच शांतपणे वंदन करतात. शिवाय ‘लाकडाची पूजा’ हा आरोप आमच्यावर जुना आहे. नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनं ७८७ सालीच आराधना आणि आदर वेगळे केले: आराधना फक्त देवाची, खुणेला दिलेला आदर ज्याची ती खूण त्याला पोचतो. लूक तेवीस यांची हिज्कीयाची कसोटी आम्हालाही लागू आहे, नाकारत नाही.

---

होटगीकर

फेरी सकाळी सातला सुरू करून साडेआठच्या आत संपवा. मुलांना अनवाणी चालायला लावू नका, दहानंतर डांबर पाय भाजतं. फेरी रस्त्यावर काढणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज, स्पीकरचा उल्लेख त्यातच. कंपाउंडातच असेल तर गेटवर दोन माणसं पुरेत. पाण्याचे जार सावलीत.

---

अक्कलकोट रोड

सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. दोन शंका राहिल्या. संघातला एकजण म्हणतो की खरा वधस्तंभ टी आकाराचा होता, वर टोक नव्हतंच, आपण चुकीचा करतोय. आणि १७ किलो असला तरी शाळकरी मुलांना जड पडेल असं बायकांचं म्हणणं. वर पाटी लावायची तर तिच्यावर काय लिहावं?

---

लूक तेवीस

टी आकाराचेही वधस्तंभ असत, खरं आहे. पण मत्तय २७:३७ प्रमाणे दोषपत्र डोक्याच्या वर लावलं, म्हणजे वर टोक असणं जास्त जुळतं. उंचीबद्दल म्हणाल तर योहान १९:२९ मध्ये आंबेत (आंबट द्राक्षारसात) भिजवलेला बोळा एजोब नावाच्या झुडपाच्या काडीवर तोंडापर्यंत पोचतो. म्हणजे चित्रांतल्यासारखा तो पंधरा-वीस फुटी नसावा. तुमचे आठ फूट ठीक आहेत. पुरावा म्हणाल तर १९६८ साली यरुशलेमजवळ सापडलेल्या एका अस्थिपेटीत टाचेचं हाड मिळालं, त्यात लोखंडी खिळा तसाच अडकलेला. लांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर. म्हणून प्रदर्शनासाठी फूटभर लांबीचे खिळे करू नका, साडेचार इंची खिळा हातात घेतलेला पुरतो.

पाटीवर योहान १९:१९ मधली ओळ मराठीतच लिहा: ‘येशू नासोरी, यहूद्यांचा राजा’. चित्रांत दिसणारी आय-एन-आर-आय ही चार अक्षरं याच ओळीच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. मूळ पाटी तीन भाषांत होती, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावी. मग सोलापुरात मराठीच हवी. हवं तर खाली तेलुगू आणि कानडीतही लिहा, त्या भाषांची घरं मंडळीत असतीलच.

वजनाचं उत्तरही इतिहासातच आहे. रोमी रीतीत उभा खांब बहुतेक वेळा जागेवर आधीच रोवलेला असे आणि कैद्याच्या खांद्यावर फक्त आडवं लाकूड देत. तुमचा आडवा पाच फुटी. तेवढाच फेरीत न्या. शेवटच्या स्थानाला आल्यावर तो मंडळीसमोर खांबावर चढवून बोल्ट आवळा. शिमोनाचा भाग वाचताना दुसऱ्यानं पुढे येऊन एक टोक धरायचं, मार्क १५:२१ तिथंच दिसतो. संपूर्ण क्रूस ओढत नेण्यापेक्षा हे शास्त्रालाही जवळ आहे आणि नाटकीही कमी.

---

जुनी वखार

हे उत्तम. पाच फुटी तीन बाय तीन साग म्हणजे सहा किलोच्या आत, दोन पोरं आरामात नेतील. मग जोड थोडा बदला. खाचेत आडवा समोरून बसेल असा ठेवा, खांबाच्या खाचेचं तोंड मंडळीकडे. भोकं दोन्ही लाकडं एकत्र आवळून एकदमच पाडा; वेगवेगळी पाडली तर सुतभराचा फरक पडतो आणि ऐन वेळी बोल्ट शिरत नाही. भोक बोल्टपेक्षा अर्धा सूत मोठं. पान्याचा खडखडाट नको असेल तर मागे फुलपाखरी नट. खांब आधी स्टँडमध्ये पक्का करून मगच आडवा चढवा, त्यासाठी दोन उंच माणसं आणि एक मजबूत स्टूल. जोड स्टँडच्या वर सहा फुटांवर येतो, लहान मुलांना तिथं हात पोचत नाही.

आडव्याची वरची कड आणि पाटी आधीच रंगवून ठेवा. शुक्रवारी सकाळी ओला रंग म्हणजे पांढऱ्या शर्टांचं वाटोळं.

---

वेदीसेवक

ईस्टरला पांढरं सुती कापड, साडेतीन मीटर, ३६ इंची पन्हा, लांबीत तिहेरी घडी. सॅटिन घेऊ नका, बाहीवरून घसरतं. डाव्या बाहीवरून टाकून खांबामागून उजव्या बाहीवर, दोन्ही टोकं पुढे समान. मागे एकच यू खिळा.

फुलांसाठी क्रूसाच्या पुढच्या बाजूला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी स्टेपल गननं मारा आणि देठ आत खोचा. झेंडू दोन इंची धरला तर एका बाजूला सव्वाशेच्या आसपास फुलं बसतात. मोगरा शेवटी, टोकांना. शनिवारी रात्रीच खोचून ठेवली तर पहाटेपर्यंत माना टाकतात, म्हणून जाळी शनिवारी आणि फुलं पहाटे चारला. शुक्रवारचं काळं किंवा जांभळं कापड त्याआधी काढलेलं असलं पाहिजे, हे अनेकदा राहून जातं.

---

अक्कलकोट रोड

कमिटीनं रिकामा क्रूस, शास्त्रातली चौदा स्थानं आणि फक्त आडवा न्यायचा बेत मान्य केला. चिठ्ठ्या टोपलीत. नंतर क्रूस कुठं ठेवावा? वर्षभर चर्चच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचं चाललंय.

---

जुनी वखार

टेकवू नका, वर्षभरात धनुष्य होतं. बोल्ट काढून दोन्ही लाकडं आडवी, तीन ठिकाणी विटा देऊन, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. विटांखाली वाळवीचं औषध मारून घ्या. पावसाळ्यानंतर एकदा बघा, मातीची बारीक नळी दिसली तर लगेच झाडून पुन्हा मारा. बोल्ट-नट आणि वायसर तेल लावून डब्यात, डबा ऑफिसच्या कपाटात. पुढच्या वर्षी हरवतं ते नेमकं तेवढंच.